दिव्याचे फाटक : चार दिशांना रूळ, ओलांडायला एक रस्ता

मध्य रेल्वेच्या लोकल उशिरा का धावतात याची कारणे मोजायला बसले, की एक नाव वर्षानुवर्षे यादीत सापडते : दिव्याचे फाटक, म्हणजे ठाणे आणि डोंबिवलीच्या मधल्या दिवा स्थानकाजवळचे रेल्वे फाटक. कल्याणहून आलेली गाडी दिव्याच्या अलीकडे लाल सिग्नलला उभी राहते, तिच्या मागची कोपरला, त्यामागची डोंबिवलीला. डब्यातला प्रवासी रेल्वेला शिव्या घालतो, फाटकावरचा रिक्षावाला गेटमनला, आणि दिवेकर दोघांनाही. तिघांचाही राग खरा आहे, पण चुकीच्या जागी आहे. घोटाळा फाटकावर झालेला नाही. तो फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीवर झाला, आणि तोही सावकाश, काही दशकांत.

रूळ आधी आले

बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग 16 एप्रिल 1853 रोजी सुरू झाला आणि 1 मे 1854 रोजी तो कल्याणपर्यंत पोचला. ठाण्याची खाडी ओलांडायची, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याने मुंब्र्याला वळसा घालायचा आणि मग दिव्याच्या सपाटीवरून सरळ कल्याण गाठायचे, अशी त्याची आखणी होती. ही सपाटी म्हणजे आगरी-कोळ्यांची गावे : दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी. भाताची खाचरे, खाडीतली मासळी, भरतीला आत येणारे पाणी. रुळांनी या पट्ट्याचे दोन भाग केले. एकीकडे खाडी, दुसरीकडे शिळ-महापेकडची जमीन. शेतात जाणाऱ्या बैलगाडीला रूळ ओलांडायला फाटक पुरेसे होते. दिवसाला मोजक्या गाड्या आणि मोजक्याच बैलगाड्या, त्यात कोणाचे काय अडणार?

पुढचा मोठा बदल 1916 सालचा. पारसिकचा सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि ठाण्यापुढे रुळांच्या दोन जोड्या झाल्या. जुनी जोडी कळवा-मुंब्र्यावरून वळसा घालून येई, नवी डोंगराच्या पोटातून सरळ. या दोन्ही जोड्या पुन्हा एकत्र येत दिव्याला. म्हणजे फाटकातून आता चार रूळ जाऊ लागले. पुढे 1960च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग झाला, 1980च्या दशकात दिवा-वसई, आणि जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर पनवेलकडची शाखा थेट कोकणाशी जोडली गेली. सावंतवाडीची गाडी आजही दिव्यातून सुटते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे स्थानक पाहिले की मुंबईतला निम्मा कोकण इथूनच गावी जातो असे वाटते.

मात्र जंक्शन म्हणून रेल्वेला दिव्यातून जे हवे होते, ते गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय एवढेच. सांधे, सायडिंग, केबिन, सिग्नल. स्थानकाबाहेर कोण राहते हा प्रश्न त्या आराखड्यात नव्हता, कारण तेव्हा फारसे कोणी राहतच नव्हते.

वस्ती नंतर आली

ठाणे महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1982 रोजी स्थापन झाली आणि कळवा, मुंब्रा, दिवा हा खाडीपलीकडचा पट्टा तिच्या पदरात आला. खरी वाढ त्यानंतरची. डोंबिवलीत घर परवडेना झाले, ठाणे तर हाताबाहेरच गेले. मधल्या दिव्यात स्थानक होते, धीमी लोकल थांबत होती आणि शेतजमीन पडून होती. आधी पत्र्याच्या आणि सिमेंटच्या चाळी उठल्या, मग त्याच जागांवर पाच-सात मजली इमारती. खरेदीचा व्यवहार बऱ्याचदा नोटरी केलेल्या स्टँप पेपरवर. भोगवटा प्रमाणपत्र नाही, अनेकदा बांधकाम परवानगीच नाही, म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणूनच किंमत कमी. गिरणगावातून, परळ-लालबागमधून उठलेली कुटुंबे, कोकण, घाटावरचे जिल्हे आणि उत्तर भारतातून आलेला कामगार यांना याच किमतीने इथे आणले.

अशा बांधकामाचा शेवट कुठवर जाऊ शकतो हे 4 एप्रिल 2013 रोजी शेजारच्या शिळफाट्याला दिसले. उभी राहत असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 जण गेले. त्यानंतर नोटिसा निघाल्या, तोडकामे झाली, आणि काही काळाने पुन्हा मजले चढले.

या प्रकरणाच्या दृष्टीने बेकायदा इमारतीचा दुष्परिणाम वेगळाच आहे. ती पडो न पडो, रस्त्याची जागा खाऊन बसते. विकास आराखड्यातली रेषा कागदावर राहते, जमिनीवर तिच्यात वीस खोल्यांची चाळ उभी असते. पाणी, गटार, पावसाळ्यात खाडीच्या भरतीला सखल भागात साचणारे पाणी, शहराचा कचरा वर्षानुवर्षे इथे आणून टाकला जाणे, ही दुखणीही खरीच. पण रस्त्याची जागा एकदा गेली की ती परत मिळवायची किंमत बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असते. फाटकाच्या बाबतीत नेमके तेच झाले.

फाटक बंद व्हायला काय लागते

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गाडी आली की दांडा खाली, गेली की वर. प्रत्यक्षात फाटक आणि सिग्नल एकमेकांशी इंटरलॉकिंगने बांधलेले असतात. गाडीला सिग्नल द्यायचा तर स्थानकातून गेटमनला फोनवर सूचना जाते. तो रस्त्याकडचा लाल दिवा आणि भोंगा सुरू करतो, वाहने थांबवतो, दोन्हीकडचे बूम, म्हणजे आडवे दांडे, खाली घेतो, ते कुलूपबंद करतो आणि मग ‘फाटक बंद आहे’ हा विद्युत संकेत स्थानकाच्या पॅनेलवर पोचतो. तोवर सिग्नल लालच राहतो. तो हिरवा करायचा म्हटले तरी यंत्रणा करू देत नाही. उलट बाजूनेही तसेच. सिग्नल एकदा दिला की गाडी पार होईपर्यंत गेटमनला फाटक उघडता येत नाही. सिग्नल परत लाल केला तरी ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो, कारण वेगातली गाडी तो हिरवा सिग्नल पाहून आधीच जवळ आलेली असू शकते.

विजेवर चालणारा बूम खाली यायला जेमतेम दहा सेकंद लागतात. वेळ जातो तो रस्ता मोकळा व्हायला. फाटकाच्या पलीकडे पन्नास मीटरवर भाजीच्या गाड्या आणि शेअर रिक्षांची रांग असेल तर पुढच्या वाहनाला सरकायला जागाच नसते. मग टेम्पोचे पुढचे चाक रुळाच्या पलीकडे, मागचे रुळावर. गेटमन शिट्ट्या मारतो, कोणी हलत नाही, दुचाक्या खालून घुसत राहतात. कोणी घाईत बूमला धडक दिली आणि तो वाकला, तर कुलूप लागत नाही, संकेत जात नाही. अशा वेळी रुळांच्या बाजूला ठेवलेला सरकता दांडा ओढून रस्ता बंद करावा लागतो. तोही जमला नाही तर गाड्या नियमाप्रमाणे थांबवून, हातातला झेंडा किंवा दिवा दाखवून, सावकाश सोडाव्या लागतात. गर्दीच्या वेळी असा एक प्रसंग अर्ध्या तासाचे वेळापत्रक खातो.

आता हिशेब. सकाळच्या गर्दीत धीम्या आणि जलद मार्गांच्या चारही रुळांवर दर पाच मिनिटांनी एक गाडी धरली, तर तासाला 48 गाड्या होतात. मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या वेगळ्या. एका गाडीसाठी फाटक बंद ठेवण्याचा वेळ, सूचना आल्यापासून गाडी पार होईपर्यंत, अडीच मिनिटे धरू. 48 गुणिले अडीच म्हणजे 120 मिनिटे. तासात मिनिटे 60. दोन-तीन गाड्या एकाच बंदमध्ये काढल्या तरच हे गणित कसेबसे बसते, आणि तेव्हा रस्त्याच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी दिव्याचे फाटक उघडणे याचा अर्थ कोणती तरी गाडी मुद्दाम थांबवणे एवढाच होतो. गेटमनच्या कामात ढिलाई असते हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. रांग वाढली की रुग्णवाहिकाही तिच्यात अडकते, लोक चिडतात, फाटक जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, आणि ती जादा मिनिटे थेट बदलापूर-टिटवाळ्यापर्यंतच्या गाड्यांवर पडतात.

फाटकाची वर्दळ मोजायला रेल्वेकडे एक माप आहे. दिवसभरातल्या गाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या. मोटार, ट्रक, बैलगाडी यांचे एक एकक, रिक्षाचे अर्धे. हा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधावा असे धोरण. दिवसाला 700 गाड्या धरल्या तर 143 एकके, म्हणजे फक्त रिक्षाच मोजल्या तरी 286, इतक्या वर्दळीला ही मर्यादा ओलांडली जाते. दिव्याने ती केव्हाच मागे टाकली. म्हणजे पूल लागणार हे कळायला कोणत्याही समितीची गरज नव्हती. गाड्यांचा आकडा रेल्वेने वाढवला, वाहनांचा शहराने, आणि गुणाकार कोणीच वेळेवर केला नाही.

2 जानेवारी 2015

त्या सकाळी ठाकुर्लीजवळ एका लोकलचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) बिघडला आणि मागच्या गाड्या रखडल्या. दिव्याच्या फलाटावर आधीच तुडुंब गर्दी. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, तिकीट यंत्रे फुटली, पोलिसांच्या गाड्यांसह वाहने जाळली गेली. मोटरमनला मार बसल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्या पुढे न्यायला नकार दिला आणि मध्य रेल्वे काही तास ठप्प झाली. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण तिच्यामागची तक्रार समजून घेतली पाहिजे. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या धीम्या गाडीत दिव्याला पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे कित्येक दिवेकर आधी उलट्या दिशेने डोंबिवलीला किंवा कल्याणला जातात आणि तिथून बसून मुंबईकडे येतात. याला बोलीत ‘रिटर्न मारणे’ म्हणतात. रोजची पाऊण तासाची भर, आणि डोंबिवलीकरांशी जागेवरून रोजचे भांडण. जलद गाड्या मात्र समोरून धडधडत निघून जात, कारण जलद मार्गावर फलाटच नव्हता.

आंदोलनानंतर गोष्टी हलल्या. जलद मार्गावर फलाट बांधण्यात आला, त्यासाठी रूळ सरकवावे लागले, ब्लॉकवर ब्लॉक झाले आणि डिसेंबर 2016 मध्ये जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. ज्या जागी दोन्ही मार्ग 1916 पासून एकत्र येत होते, तिथे जलद गाडीला थांबायला बरोबर शंभर वर्षे लागली.

थांबा मिळाला तरी जागा मिळाली नाही, कारण जलद गाडीही भरूनच येते. म्हणून ‘दिवा लोकल’ची, म्हणजे इथूनच सुटणाऱ्या गाडीची मागणी कायम आहे. ती ऐकायला सोपी वाटते. पण गाडी दिव्याला संपवायची आणि परत सोडायची तर तिला मुख्य मार्गाबाहेर उभे राहायला फलाट हवा, एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना आडवे रूळ ओलांडावे लागतात, आणि त्या दोन-तीन मिनिटांत दुसरी कोणतीही गाडी तिथून जाऊ शकत नाही. फाटक असेपर्यंत ही मिनिटे मिळणे अवघड. दिवेकरांच्या दोन मागण्या, आपली लोकल आणि उघडे फाटक, एकमेकींच्या मुळावर येतात हे कोणताही पक्ष सभेत सांगत नाही.

18 फेब्रुवारी 2022 रोजी ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. पारसिकचा बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या. लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या आड येणे कमी झाले. पण मुंब्र्याच्या वळणावरून आता भरलेल्या जलद लोकल जाऊ लागल्या. 9 जून 2025 च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान याच वळणावर, एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दार लावले तरी आतली माणसे तेवढीच राहतात, आणि हवा खेळती ठेवायची कशी हा प्रश्न जुन्या बिगरवातानुकूलित डब्यांत वेगळाच.

पूल : कागदावर साधा, जमिनीवर नाही

फाटक हटवायचे तर रुळांवरून उड्डाणपूल किंवा खालून भुयारी मार्ग. दिव्याची जमीन खाडीच्या पातळीच्या जवळ आहे. भुयारी मार्ग पावसाळ्यात भरतीच्या वेळी तळे होईल, आणि पंप लावले तरी पाणी टाकायचे कुठे, खाडीच तर वर आलेली असते. म्हणून पूलच.

त्याची उंची वरून ठरते. 25 केव्हीच्या (25 हजार व्होल्टच्या) ओव्हरहेड वायरवरून जाणाऱ्या नव्या पुलाच्या तळाला रुळापासून साधारण 6.525 मीटर मोकळी उंची ठेवतात. त्यावर गर्डर आणि स्लॅबचे दोन मीटर धरा. रस्ता रुळापासून साडेआठ मीटर वर गेला. पोचमार्गाला 30 मीटरमागे 1 मीटर चढ दिला तर प्रत्येक बाजूला 255 मीटर लांबी लागते. चढ 20ला 1 केला तर 170 मीटरमध्ये भागते, पण भरलेला ट्रक आणि पावसातली बस तिथे अडखळतात. दोन मार्गिका आणि पदपथ धरून रुंदी 12 मीटर, आणि पोचमार्गाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांसाठी साडेपाच-साडेपाच मीटरचा सेवा रस्ता. एकूण 23 मीटर. एका बाजूच्या उतारालाच सुमारे 5,900 चौरस मीटर जागा लागली. स्थानकाच्या तोंडाशी, जिथे वीतभर जागाही मोकळी नाही.

इथेच दिव्याचा पूल रुतला. अशा कामात रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, पोचमार्ग महापालिका. रेल्वेच्या हद्दीत जमीन रेल्वेचीच. अडचण असते गर्डर बसवायला मध्यरात्रीनंतरचे तीन तास वाहतूक आणि वीज दोन्ही बंद मिळवण्याची. ते कठीण आहे, पण रेल्वेला सवयीचे आहे. पोचमार्गात मात्र घरे येतात. घर अनधिकृत असले तरी त्यात राहणाऱ्याने पैसे मोजून घेतलेले असते. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या मालकाला जातो, खोलीत राहणारा कागदोपत्री कोणीच नसतो. त्याला दूरच्या इमारतीत भाड्याची सदनिका देऊ केली तर मुलांची शाळा आणि स्थानक दोन्ही दुरावतात. दुकानदाराचे तर गिऱ्हाईकच जाते. मग मोर्चे, न्यायालये, पुनर्मोजणी. रेल्वेचा भाग आधी उभा राहिला तर तो दोन्ही टोकांना हवेत संपतो. पोचमार्ग आधी झाला तर त्याच्या खाली टपऱ्या बसतात आणि नंतर त्या हलवाव्या लागतात.

जागा मोकळी करण्याआधी निविदा काढणे ही यातली सगळ्यात महाग चूक. ठेकेदाराची क्रेन आणि माणसे उभी राहतात, मुदतवाढ आणि भाववाढ सुरू होते. क्रम असा हवा : आधी पोचमार्गातल्या प्रत्येक खोलीची मोजणी आणि राहणाऱ्याची यादी एका ठरावीक तारखेला गोठवणे, मग स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर पुनर्वसन, मग जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या हलवणे, आणि त्यानंतर पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालणे. तारीख गोठवली नाही तर यादी दर महिन्याला वाढते. पूल येणार म्हटल्यावर पोचमार्गाच्या रेषेत नव्या खोल्या उगवतात, कारण तिथे खोली असणे हाच मोबदल्याचा पुरावा ठरतो.

पूल झाल्यावर काम संपत नाही. पायी जाणारा माणूस अर्धा किलोमीटर चढ-उतार करत पलीकडे जाणार नाही. त्याला फाटकाची जागा दिसत असते, तो रूळच ओलांडेल. म्हणून फाटक बंद होण्याच्या दिवसाआधीच त्याच जागी दोन्ही बाजूंना उतरणारा रुंद पादचारी पूल, सरकते जिने, सायकल ढकलायला उतार आणि रुळांकडेने अखंड कुंपण तयार असायला हवे. यातले कुंपण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी तुटणारे. मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन चाळीस पायऱ्या चढणार नाही, तेव्हा पुलाला उद्‌वाहनही लागते, आणि ते रात्री बाराला नव्हे तर शेवटच्या लोकलनंतर बंद व्हायला हवे.

पुढचा गुणाकार म्हातार्डीच्या बाजूला तयार होतो आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद मार्गाचे ठाणे स्थानक दिव्याच्या पूर्वेला याच पट्ट्यात येते. दातिवली, आगासन, बेतवडे इथल्या उरलेल्या शेतांचे भाव त्या बातमीनेच चढले. त्या स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यांची रुंदी आज जमिनीवर खुणा ठोकून, कुंपण घालून राखली नाही, तर आराखड्यातली रेषा पुन्हा एकदा चाळीच्या भिंतीतून जाईल. मोजणी अधिकारी आणि अतिक्रमण विभाग यांची ही कामे आहेत, पुलाच्या अभियंत्याची नव्हेत, आणि ती पहिला मजला चढण्याआधीच होतात. चौथा मजला भाड्याने गेल्यावर तिथे पोलीस बंदोबस्त लागतो.